हवाई सुंदरी : एका नोकरीच्या अटींचा इतिहास

आपल्या भाषेत धंद्यांची नावे बहुधा कामावरून पडली आहेत. सोने घडवतो तो सोनार, लोखंड ठोकतो तो लोहार, रोग्याची शुश्रूषा करते ती परिचारिका. एका नोकरीचे नाव मात्र आपण कामावरून ठेवले नाही, चेहऱ्यावरून ठेवले. विमानात उतारूंची देखभाल करणाऱ्या बाईला इंग्रज 'एअर होस्टेस' म्हणाला. होस्टेस म्हणजे यजमानीण. मराठी वृत्तपत्रांनी तिची 'हवाई सुंदरी' केली, आणि आपण सर्वांनी तो शब्द बिनदिक्कत उचलला.

कुणी म्हणेल, शब्दात एवढे काय आहे? मला तर त्या शब्दात नोकरीची अट दिसते. जोवर ती सुंदर आहे तोवर ती हवाई सुंदरी; ज्या दिवशी ती तशी राहिली नाही असे वरिष्ठांना वाटेल, त्या दिवशी ती कुणीच नाही. कवींनी वर्णिलेल्या सौंदर्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. माझे वाचन करारांचे, लवादांच्या निवाड्यांचे आणि मागणीपत्रकांचे. तेव्हा सौंदर्य जेव्हा कराराच्या कलमात येऊन बसते, तेव्हा त्याचे काय होते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

रूपाची मोजदाद आपल्याला नवी नाही. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात तिला चालवून बघत, केस सोडवून बघत, सुईत दोरा ओवायला लावून नजर तपासत. वर्तमानपत्रातल्या वधूवरांच्या जाहिरातींत 'गोरी, सडपातळ, सुस्वरूप' ही तीन विशेषणे इतकी ठरलेली, की खिळे जुळवणाऱ्याने ती एकत्रच बांधून ठेवावीत. पण ती परीक्षा एकदाची होऊन जात असे. पोहे खाऊन मंडळी गेली की होकार तरी येई, नाही तर नकार. नोकरीतली परीक्षा तशी संपत नाही. काटा कचेरीतच ठेवलेला असतो आणि दर काही महिन्यांनी त्यावर उभे राहावे लागते.

विमानात सेवा करणारी पहिली व्यक्ती पुरुष होती, हे बहुतेकांस ठाऊक नसते. १९१२ साली जर्मनीत हाइनरिख कुबिस नावाचा गृहस्थ झेपेलिन हवाई जहाजावर उतारूंच्या तैनातीस राहिला. त्याला कुणी 'हवाई सुंदर' म्हटल्याचे ऐकिवात नाही. बाईचा प्रवेश झाला तो १९३० च्या मे महिन्यात, अमेरिकेत. एलन चर्च ही शिकलेली परिचारिका. तिला खरे तर वैमानिक व्हावयाचे होते. ते काम बाईला मिळणे शक्य नव्हते, म्हणून तिने बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीपुढे दुसरी कल्पना मांडली : विमानात परिचारिका नेमा, म्हणजे घाबरणाऱ्या उतारूंना धीर येईल. कंपनीला ते पटले. आठ परिचारिका नेमल्या गेल्या. पगार महिना १२५ डॉलर. अटी अशा : परिचारिकेचे शिक्षण हवे, वय पंचविसाच्या आत, अविवाहित, उंची पाच फूट चार इंचांहून जास्त नको आणि वजन ११५ पौंडांहून, म्हणजे सुमारे ५२ किलोंहून, जास्त नको.

या अटींत वजन आणि उंची कशासाठी आली, हे नीट पाहिले पाहिजे. त्या काळचे विमान म्हणजे डझन-दीड डझन उतारूंचा डबा. छत बुटके, वाट अरुंद, आणि प्रत्येक पौंड वजन इंजिनाला जाणवणारे. ठेंगणी आणि हलकी बाई हवी यात तेव्हा सौंदर्याचा प्रश्न नव्हता. तो भाराचा प्रश्न होता. पुढे विमाने वाढली. १९५८ साली बोइंग ७०७ उतारूंना घेऊन उडू लागले, त्यात शंभरावर माणसे बसत आणि उंच माणूस ताठ चालू शके. परिचारिकेच्या शिक्षणाची अट तर दुसऱ्या महायुद्धात, परिचारिका आघाडीवर गेल्या तेव्हाच सुटली होती. म्हणजे कौशल्याची अट गेली आणि वजनाची राहिली. जे यंत्राच्या सोयीसाठी ठरले होते त्याला आता 'बांधेसूदपणा' हे नाव मिळाले. समाजातल्या सौंदर्याच्या पुष्कळशा कल्पनांची कुळकथा उकरून पाहिली, तर खाली असाच एखादा हिशेब सापडेल असा माझा संशय आहे. पण तो सिद्ध करण्याइतके माझे वाचन नाही, म्हणून तो सोडून देतो.

हिशेबाचे दुसरे पान भाड्याचे. अमेरिकेत विमानाचे भाडे १९७८ पर्यंत सरकारी मंडळ ठरवीत असे, आणि आंतरराष्ट्रीय मार्गांवर कंपन्यांची संघटना ठरवी. तेच विमान, तेच भाडे, जवळजवळ तीच वेळ. मग गिऱ्हाइकाने आपल्याच कंपनीकडे का यावे? किराणा दुकानदार भाव उतरवता येत नसला की वर खडीसाखर देतो. विमान कंपन्यांनी खडीसाखरेच्या जागी बाईचा चेहरा ठेवला. जाहिरातीत विमान मागे गेले आणि मुलगी पुढे आली. १९६५ साली ब्रॅनिफ कंपनीने पुच्ची या इटालियन शिंप्याकडून असे कपडे करून घेतले, की जे प्रवासात एकेक करून उतरवता येतील, आणि त्याचीच जाहिरात केली. १९७१ साली नॅशनल एअरलाइन्सच्या जाहिरातीतली मुलगी आपले नाव सांगून उतारूंना म्हणू लागली, मला उडवा. हे वाचून आपल्याकडील सभ्य गृहस्थ नाक मुरडतील. मुरडावेच. पण नाक मुरडून झाल्यावर पगारपत्रकही पाहावे.

कारण याच काळात वयाची अट आली. अमेरिकन एअरलाइन्सने १९५३ साली नियम केला, की नव्याने लागणाऱ्या मुलीने बत्तिसाव्या वर्षी विमानातले काम सोडावे. इतर काही कंपन्यांनी बत्तीस किंवा पस्तीस धरले. लग्न केले तर त्याच दिवशी घरी. परिणामी बहुतेक मुली दोन-तीन वर्षांत नोकरी सोडत. ज्याने वेतनश्रेणीचा करार एकदा तरी केला आहे, त्याला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. श्रेणीच्या पहिल्या पायरीवर नेहमी नवा माणूस, वरच्या पायऱ्या रिकाम्या. वार्षिक वाढीचा खर्च नाही, निवृत्तिवेतनाचा बोजा नाही, आणि संघटनेत मुरलेला कार्यकर्ताही नाही, कारण मुरण्याइतका कुणी टिकतच नाही. गिरणीमालकांनी वर्षानुवर्षे बदली कामगार ठेवून जे साधले, ते इथे आरशाच्या मदतीने साधले. बत्तिशीनंतर बाई सुंदर राहत नाही हे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे ते मला सापडले नाही. पण बत्तिशीनंतर ती महाग होते हे पगारपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते.

संघटना तरीही झाली. १९४५ साली युनायटेड कंपनीतल्या मुलींनी अमेरिकेतली पहिली अशी संघटना बांधली. तिची पहिली अध्यक्ष एडा ब्राउन हिने कंपनीशी पहिला करार केला, कामाचे तास बांधून घेतले, आणि मग तिचे लग्न ठरले. नियमाप्रमाणे तिला जावे लागले. संपात अध्यक्ष तुरुंगात गेल्याचे आपण पाहतो, मालकाला फितूर झाल्याचेही पाहतो. लग्न झाले म्हणून अध्यक्षाला नोकरी सोडावी लागली, असा प्रकार पुरुषांच्या संघटनेत घडल्याचे मला तरी माहीत नाही.

पुढचा लढा मोठा चतुराईने झाला. १९६३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन एअरलाइन्सच्या आठ जणींनी वार्ताहरांना बोलावले, त्यांच्यासमोर ओळीने उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या : आमच्यापैकी बत्तिशी ओलांडलेल्या कोण, ते ओळखा. सांगितलेल्या वयाची खूण चेहऱ्यावर सापडत नाही, हेच त्यांना दाखवावयाचे होते. यात एक कडवट गोष्ट आहे, ती नजरेआड करू नये. नियम मोडण्यासाठी त्यांनाही चेहराच पुढे करावा लागला. 'आम्ही काम उत्तम करतो' हे म्हणून भागले नसते; 'आम्ही अजून बऱ्या दिसतो' हे आधी सिद्ध करावे लागले. १९६४ साली अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला आणि त्यात नोकरीतील स्त्रीपुरुष भेद बेकायदा ठरला. पुढच्या वर्षी त्या कायद्याखालील आयोगाचे दार उघडताच तक्रारी घेऊन आलेल्या पहिल्या लोकांत याच मुली होत्या. १९६८ साली आयोगाने वयाची आणि लग्नाची अट बेकायदा असल्याचा निर्णय दिला.

मूळ प्रश्नाचा निकाल मात्र एका पुरुषामुळे लागला, ही गंमत सांगितलीच पाहिजे. सेलिओ डायस नावाच्या तरुणाने पॅन ॲमकडे हेच काम मागितले. कंपनी म्हणाली, आम्ही बायकाच घेतो, कारण उतारूंना त्याच हव्या असतात. खालच्या कोर्टात कंपनीने मानसशास्त्राचा तज्ज्ञ उभा केला आणि बाईच्या सान्निध्याने उतारूंची भीती कशी शमते ते सांगवले. खालचे कोर्ट भुलले. १९७१ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला. विमान कंपनीचा धंदा उतारूंना सुखरूप पोचवण्याचा आहे, मन रिझवणे ही त्यापुढे दुय्यम गोष्ट आहे, आणि गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीवर भेदभाव टिकू शकत नाही, असा त्याचा आशय होता.

आता मुंबईकडे येऊ. टाटांची विमान कंपनी १९४६ साली एअर इंडिया झाली, १९४८ च्या जूनमध्ये तिचे विमान मुंबईहून लंडनला गेले, आणि १९५३ साली ती सरकारी मालकीची झाली. (२०२२ साली ती पुन्हा टाटांकडे गेली.) १९४६ मध्येच बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी तिला 'महाराजा' दिला. लांब मिशांचा, गोल अंगाचा, कमरेत वाकून उतारूंचे स्वागत करणारा महाराजा आपल्यापैकी कुणी पाहिला नाही? तो कंपनीचा सर्वांत जुना यजमान. त्याला कधी कुणी काट्यावर चढवले नाही.

त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलींसाठी मात्र नियम असा होता. भरती अविवाहित मुलीचीच. नोकरीला चार वर्षे होण्याआधी लग्न केले तर नोकरी समाप्त. पहिले गर्भारपण आले तर नोकरी समाप्त. यातले काही न घडले तर पस्तिसाव्या वर्षी समाप्त. पस्तिशीनंतर व्यवस्थापकीय संचालकाची मर्जी असेल तर एकेक वर्षाची मुदतवाढ, जास्तीत जास्त दहा वर्षे. त्याच विमानात तेच ताट उचलणारा, तेच दार बंद करणारा पुरुष पर्सर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होई. १९७२ च्या कायद्याने सलग पाच वर्षे नोकरी भरल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. चार वर्षांच्या आत बोहल्यावर चढणारी मुलगी त्या पाच वर्षांपर्यंत पोचतच नव्हती.

गर्भारपणाच्या कलमापाशी मला थांबावेसे वाटते. याच मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला. हिंदुस्थानातला तसा तो पहिला कायदा. १९२८ साली त्याचे बिल मुंबई विधिमंडळात आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला होता. गिरणीतल्या बाईला बाळंतपणासाठी रजा आणि पैसे मिळावेत, कारण आईची विश्रांती ही राष्ट्राची गरज आहे, ही भूमिका तेव्हा मांडली गेली. १९६१ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. म्हणजे परळच्या गिरणीत बाष्पाने कोंदलेल्या खात्यात काम करणाऱ्या बाईला १९२९ साली जे मिळाले, ते सांताक्रूझहून उडणाऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या, साऱ्या शहराला जिचा हेवा वाटे अशा मुलीला १९८० साली नव्हते. याचे कारण रूप. गिरणीतल्या बाईच्या पोटाचा घेर मालकाला दिसत नव्हता, कारण तो तिचे फक्त हात विकत घेत होता.

हे प्रकरण नर्गेश मीर्झा आणि त्यांच्या सहकारी यांनी न्यायालयात नेले, आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. निकाल न्या. फझल अली यांनी लिहिला. तो मी पुनःपुन्हा वाचला आहे, आणि प्रत्येक वाचनात तो मला दोन माणसांनी लिहिल्यासारखा वाटतो. कॉर्पोरेशनचे म्हणणे असे, की नाना स्वभावांचे उतारू सांभाळायला तरुण आणि आकर्षक मुलगीच समर्थ असते. न्यायालयाने या म्हणण्याची सालटी काढली. हा निव्वळ तर्क आहे, स्त्रीत्वाचा तो उघड अपमान आहे, उतारूंच्या रुचीसाठी मुलींना शोभेच्या वस्तूंसारखे मांडणे गैर आहे, वयाने मोठी आणि अनुभवी बाई उतारूंची काळजी उलट अधिक चांगली घेईल, असे न्यायालय म्हणाले. पहिल्या गर्भारपणाचे कलम क्रूर ठरवून रद्द केले. संचालकाच्या मर्जीचे कलमही रद्द केले, कारण मर्जीला काही निकष नव्हता.

आणि दुसऱ्या हाताने? चार वर्षे लग्न न करण्याची अट वाजवी ठरली. त्याने मुलीची प्रकृती सुधारते, तिला प्रौढपणा येतो, कुटुंबनियोजनाला हातभार लागतो, आणि कॉर्पोरेशनचा नव्या भरतीचा खर्च वाचतो, अशी कारणे दिली गेली. पस्तिसाचे वय तसेच राहिले, मात्र मर्जी गेल्यामुळे प्रकृती चांगली असणारीला पंचेचाळिशीपर्यंत वाट मोकळी झाली. पर्सरशी बरोबरी मिळाली नाही. दोघांचे संवर्ग वेगळे, भरती वेगळी, बढतीच्या वाटा वेगळ्या, म्हणून समानतेचा प्रश्नच येत नाही, असे ठरले. समान वेतनाच्या १९७६ च्या कायद्याचाही उपयोग झाला नाही, कारण १९७९ साली केंद्र सरकारने घोषणा करून ठेवली होती, की हा फरक स्त्रीपुरुष भेदावर आधारलेला नाही. आधी मालकाने दोन वेगळ्या रांगा लावायच्या, आणि मग न्यायालयाने सांगायचे, की रांगा वेगळ्या असल्यामुळे तुलना होऊ शकत नाही. हा तर्क कामगार चळवळीच्या जुन्या ओळखीचा आहे.

या निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हा संघटनावाल्यांना बोचावी अशी. १९६५ आणि १९७२ साली दोन न्यायाधिकरणांपुढे हा विषय आला होता आणि त्यांनी अटींचा सांगाडा कायम ठेवला होता. ते निवाडे आणि कर्मचारी संघटनेशी झालेले करार १९८१ साली या मुलींच्याच विरुद्ध पुढे करण्यात आले. पुरुष जास्त असलेल्या संघटनेच्या मागणीपत्रकात बायकांची मागणी कुठल्या क्रमांकावर असते, हे ज्याने वाटाघाटी पाहिल्या आहेत तो जाणतो. ती शेवटच्या पानावर असते, आणि रात्री दोन वाजता मालक म्हणतो, 'यातले काही तरी सोडा,' तेव्हा शेवटच्या पानावरचेच सुटते. पुरुष कार्यकर्त्यांनाही वाटत असे, की आज ना उद्या लग्न होऊन जाणाऱ्या मुली या; यांच्यासाठी संप कोण करणार? मालकाचा नियम कामगाराच्याही डोक्यात घर करतो तो असा.

या कामात नेमके करावयाचे असते काय, हे ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीच्या धावपट्टीवर दिसले. पॅन ॲमचे मुंबईहून निघालेले विमान तेथे अतिरेक्यांनी ताब्यात घेतले. नीरजा भनोत विमानातल्या सेवकवर्गाची प्रमुख होती, तेविसावे वर्ष पुरे व्हायला दोन दिवस उरले होते. तिने वैमानिकांना वेळीच इशारा दिला, ते निसटले आणि विमान उडवणे अशक्य झाले. अमेरिकन उतारूंचे पासपोर्ट सापडू नयेत म्हणून तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते लपवले. गोळीबार सुरू झाला तेव्हा उतारूंना बाहेर काढता काढता ती मारली गेली. तिला अशोकचक्र मिळाले. ती जाहिरातींतही काम करी, आणि वर्तमानपत्रांनी तिची छायाचित्रे छापली ती बहुतांशी त्या जाहिरातींतलीच.

वयाची भांडणे पुढे बरीच चालली, त्यांचा तपशील इथे देत नाही. वजनाचे मात्र सांगावयाचे राहिले. अमेरिकेत बायकांचे वजन मोजण्याचे कोष्टक वय आणि लग्न यांच्या अटींपेक्षा अधिक चिवट निघाले. मोठ्या कंपन्यांत ते १९९० च्या दशकापर्यंत टिकले. आपल्याकडे इंडियन एअरलाइन्सने वजन वाढलेल्या मुलींना जमिनीवर बसवले, त्या न्यायालयात गेल्या, आणि २००७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची तक्रार मान्य केली नाही. २००९ च्या जानेवारीत एअर इंडियाने काही जणींना वजनाच्या कारणावरून कामावरून काढले. कारण विचारले की आता 'सौंदर्य' हा शब्द कुणी उच्चारत नाही. आता 'आरोग्य' म्हणतात, 'सुरक्षा' म्हणतात. आपत्तीच्या वेळी चपळपणा हवा, दार उघडता आले पाहिजे, उतारूंना ओढून काढता आले पाहिजे, हे मला मान्य आहे. त्यासाठी दार उघडायला लावून परीक्षा घ्यावी.

२०१४ साली केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याने विमानातल्या सेवकवर्गासाठी उंची आणि वजन यांच्या प्रमाणाचा निर्देशांक ठरवून दिला. पुरुषासाठी १८ ते २५ हा आकडा योग्य धरला गेला. बाईसाठी १८ ते २२. विमान तेच, दारही तेच.